ओझ्याची सुट्टी

माझी आत्या घरी पडदे शिवायची आणि एक दिवसाआड माझ्या बाबांच्या खांद्यावरून जिने चढायची. आगीतून माणसाला बाहेर काढताना बंबवाले खांद्यावर आडवं टाकतात ना, अगदी तशी. बाबा अग्निशमन दलात होते. दरवर्षी त्यांची परीक्षा व्हायची, माणसाएवढा वाळू भरलेला पुतळा खांद्यावर घेऊन जिने चढायचे. नापास झालं की बंबावरून उतरवून फोनपाशी बसवणार. त्या खुर्चीची बाबांना धास्ती होती. म्हणून घरातच तयारी चालायची. पुढच्या खोलीत जोर-बैठका, दाराच्या चौकटीला लोंबकळणं, आणि शेवटी आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना.

वजनाला आई पुरी पडत नव्हती, आत्या पडत होती, आणि याचा आत्याला कोण अभिमान! शेजारीण दारातून विचारायची, "काय ताई, कुठं निघालात?" आत्या उलटी लटकल्या लटकल्या सांगायची, "घरीच चाललेय, या चहाला."

मधला दिवस मात्र विश्रांतीचा. तो बाबांनी नव्हे, ओझ्याने ठरवलेला. त्या दिवशी आत्या शिवणयंत्रावरून हलायचीच नाही.

"ताई, एकच फेरी मारू गं," बाबा मागे घुटमळायचे.

"आज ओझं सुट्टीवर आहे. तूही बस गुपचूप."

मग बाबा बसायचे. पडद्याचं लांबलचक कापड शिवताना जमिनीवर लोळू नये म्हणून त्याचं टोक धरून बसायचे, आणि आम्ही भावंडं त्या कापडाखाली तंबू करून त्यांच्या पायांवर डोकी ठेवायचो. एरवी बाबा म्हणजे घामाचा वास आणि बाहेर जायची घाई. सुट्टीच्या दिवशी ते आमचे असायचे. तशा दुपारी मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत, आणि मला त्या अजून हव्याशा वाटतात.

एका वर्षी दलात तरणीताठी पोरं भरती झाली आणि बाबांचा धीर सुटला. पन्नाशी जवळ आली होती. म्हणाले, आता रोज जिना. आत्या म्हणाली, "मी येणार नाही." बाबाही हट्टाला पेटले. सुट्टीच्या दिवशी कुठूनसं वाळूचं पोतं आणलं आणि ते घेऊन चढले. दुसऱ्या फेरीला कंबर अशी धरली की जिन्यातच बसले. परीक्षा तोंडावर आलेली.

आत्याने शेक दिला. मग म्हणाली, "पोतं बोलत नाही रे. माझा कान तुझ्या पाठीला लागलेला असतो. दम कधी संपला ते तुझ्याआधी मला कळतं."

त्यानंतर परीक्षेपर्यंत तिने बाबांना काडी उचलू दिली नाही. बाबा तोंड फुगवून पडदे धरत बसले. परीक्षेच्या दिवशी पुतळा घेऊन चढले आणि पास झाले. घरी आल्यावर म्हणाले, "ताई, तो पुतळा तुझ्यापेक्षा हलका होता." आत्या आठवडाभर ते सगळ्यांना सांगत सुटली होती.

पुढे बाबा निवृत्त झाले आणि आत्या आजारी पडली. तिला न्यायला गाडी आली तेव्हा स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकायला लागलं. बाबा म्हणाले, "सरका, मी घेतो." खांद्यावर टाकायची आता सोय नव्हती, त्यांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं. तिच्यात वजन उरलंच नव्हतं, तरी बाबा एकेक पायरी जपून उतरत होते. आम्ही मागून बघत होतो.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आत्याने त्यांच्या छातीवरचं डोकं जरा हलवलं. "थांब. धाप लागलीय तुला."

"ताई, खाली गाडी उभी आहे."

"असू दे उभी. बस."

बाबा तिला मांडीवर घेऊन पायरीवर बसले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "हं, चल आता."

ती परत आली नाही.

बाबा अजून तिथेच राहतात. संध्याकाळी फिरायला उतरतात, हातात काही नसतं, पण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या पायरीवर टेकतात. परवा मी बरोबर होते. विचारलं, "दमलात का बाबा?"

"नाही गं," ते म्हणाले. "ती चल म्हणाली की निघू."