पदराआडचा क्रूस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाळकांना नाही, धाकट्या बहिणीला तर मुळीच नाही. तुम्ही निवांत बसला आहात म्हणून – बघू, जमतं का.

साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. मी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतली. मास्तरणीचं शिक्षण घेताना ख्रिस्ती झाले. बाबांनी दार लावून घेतलं, मी शाळेजवळ खोली घेतली. आधी फार ऐट होती मला – देवासाठी मी काय काय सोडलं, याची. मग ऐट ओसरली. चर्चमध्ये सगळं तमिळ. तमिळ मला येत होतं, पण रडायचं कोणत्या भाषेत? त्या वर्षी उपवासकाळात प्रार्थनेला बसलं की नुसती समोरची भिंत दिसायची. देव गप्प, आणि मला आठवायचं ते आईच्या हातचं सांबार. हसू नका. मोह काय सोन्यानाण्याचाच असतो?

त्यातच आईचा निरोप आला. धाकटीला बघायला कुंभकोणमहून माणसं येताहेत, आपलीच मराठी. थोरली कुठे म्हणून विचारतील. तेव्हा ये, कुंकू लाव आणि गप्प बस. तो नेमका ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता. गेले मी. कुंकू आईनंच लावलं. पंगतीत तिच्याशेजारी बसले. इतकं बरं वाटलं – काय सांगू.

आमच्या चर्चमध्ये त्या रविवारी नारळाच्या कोवळ्या पातीचे क्रूस विणून वाटतात. जो आला नाही त्याचा क्रूस कुणीतरी घरी पोचवतं. माझा घेऊन निघाली अरुळम्मा. कंपाउंडरची विधवा, माझ्या बाप्तिस्म्याला माझ्या मागे उभी राहिलेली. त्या मंडळीत मला आई म्हणायची तर तीच. मी आजारी असेन असं वाटून, घरमालकिणीला विचारून, उन्हातून चालत ती थेट आमच्या पडवीत आली. मला बघून हसली.

मुलाची आई माझ्या दुसऱ्या बाजूला होती. तिनं विचारलं, "कोण गे ही? तुला ओळखते वाटतं."

मी – बघा, अजूनही अडखळते आहे. मी अरुळम्माकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "कोण जाणे. मी नाही ओळखत."

खरं बोलले असते तर सोयरीक मोडली असती, हे खरं. पण मी ते धाकटीसाठी म्हटलंच नाही. मला त्या पानावरून उठायचं नव्हतं.

अरुळम्माला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिनं माझं कपाळ बघितलं. हातातला क्रूस हळूच पदराआड घेतला. "वीडु तप्पा वंदुट्टेन, अम्मा," म्हणाली – घर चुकले. आणि गेली. मी भात कालवला. जेवले. पोटभर जेवले.

त्याच आठवड्यात शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चच्या दारात पाय अडले. आत पेत्राच्या नाकारण्याचा भाग वाचत होते, येशूला धरून नेल्यावर त्याचाच शिष्य 'मी त्याला ओळखत नाही' म्हणतो तो – त्या दिवशी दुसरं काय वाचणार? बायकांच्या बाजूला अरुळम्मा चटईवर बसली होती. तिनं मान वळवून मला बघितलं आणि थोडी सरकली. मी तिच्या चटईवर बसले. तिनं पदरातून तो क्रूस काढला, आता वाळून पिवळा पडलेला, आणि माझ्या मांडीवर ठेवला. "तुझा राहिला होता," एवढंच. मी ढसाढसा रडले, आणि कोणत्या भाषेत हे मनातही आलं नाही.

धाकटीचं लग्न झालं, ती सुखात आहे. मी पुढे दर रविवारी त्याच चटईवर बसले. आज माझा जो काही विश्वास आहे तो त्या सरकून दिलेल्या जागेमुळे. तिचे उपकार कसे फिटणार? रोज देवाला तिचं नाव घेऊन धन्यवाद देते. पण त्या दुपारबद्दल तिच्याशी कधी बोलले नाही. ती कितीतरी वर्षं होती, मी बोलू शकले असते.

तिच्या शेवटच्या आजारात मी उशाशी होते. नर्सनं विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हणाले, मुलगी. अरुळम्माचे डोळे मिटलेले होते. तिनं ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही.