चांगुणाची भूक

माझ्या नणंदेला, चांगुणाला, भस्म्या झालाय असं सातपूरची आमची अख्खी गल्ली म्हणायची. खोटं कशाला सांगू, सगळ्यांच्या आधी मीच म्हटलं होतं. ती जाऊन किती वर्षं झाली, तरी मी जेवायला बसले की ती समोर येऊन बसते. भीती वाटते मला.

सात भाकऱ्या खाऊन ही बाई परातीकडे बघत राहायची. अंगावर मात्र चिमटीत धरायला मांस नाही, गालफडं आत गेलेली. नवऱ्याने सहा महिन्यांत माहेरी आणून सोडली.

शहाण्णव साली माझ्या पोराचा ताप उतरेना. सासूबाईंनी दहीभाताचा उतारा ओवाळला, मी तो तिन्हीसांजेला चौकात ठेवून आले. चपला विसरले म्हणून परत गेले, तर चांगुणा उकिडवी बसून तोच भात खात होती, गुलालासकट!

"अगं सटवे, माझ्या लेकराची पीडा खातेस?"

"भूक लागली, वहिनी. खरंच लागली."

त्या दिवसापासून तिचं ताट वेगळं आणि भाकऱ्या कुलपात. ती दिसली की शेजारणी पोरं आत घ्यायच्या. पस्तिशीत ती साठीची दिसायला लागली. दोन हजार एकला सासूबाई वारल्या.

पुढे दोन वर्षांनी चांगुणा मोरीत कोसळली. दवाखान्यात रक्त काढलं, तर नळीत वर दुधासारखी साय! डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवून समजावलं.

"हिच्या कातडीखाली चरबीच नाही. चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते, ते मेंदूला कळवतं की आता पुरे. हिच्या मेंदूला ते कळलंच नाही, म्हणून भूक थांबत नव्हती. चरबीला जागा नाही, म्हणून ती रक्तात आणि यकृतात साचली. साखर वाढली, हृदय वेळेआधी म्हातारं झालं. लेप्टिनचे प्रयोग परदेशात चाललेत. इथे इन्सुलिन आणि पथ्य, एवढंच."

खाटेशी बसून मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल.

"म्हणजे माझ्या अंगात काही नव्हतं?"

"नाही गं बाई."

तिने नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "आईने शेवटचं पाणी माझ्या हातून घेतलं नाही, वहिनी."

घेऊ नका, बाधेल, असं सासूबाईंच्या कानात मीच सांगितलं होतं. उद्या तिला सांगेन म्हटलं. सकाळी खाट रिकामी होती.