उरलेल्या गोळ्या

भाचीचं अपेंडिक्स पोटातच फुटलं होतं. ऑपरेशन झालं, तरी ताप उतरेना. "आधी कोणती अँटिबायोटिक्स दिली होती?" डॉक्टरांनी विचारलं. ताईने पर्समधून कात्रीने कापलेल्या पट्ट्या काढल्या. ताप आला की गोळी द्यायची, बरं वाटलं की उरलेल्या जपून ठेवायच्या, ही आमच्या घरची रीतच.

डॉक्टरांनी एकेक पट्टी बाजूला सारली. "पू तपासलाय. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांना त्यातले जंतू सरावलेत. यातलं काहीच तिला लागू पडणार नाही."

"मग?"

"एक औषध उरलंय. तेच सुरू केलंय. बघू."

सलाइनचा थेंब नळीत पडत होता. इतकी वर्षं काटकसरीने आपण नेमकं कुणाला पोसलं, हे मला त्या थेंबाकडे बघताना कळत होतं. भाचीचं कपाळ अजून तापलेलंच होतं.

ताईने त्या पट्ट्या उचलल्या आणि सवयीने पुन्हा पर्समध्ये नीट ठेवल्या.