बसलेल्या माणसाचं पिस्तूल

शारजाच्या तळावर आर्मरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारा मिस्त्री, म्हणून माझी नेमणूक झाली, ती साठच्या दशकाच्या पहिल्या वर्षांत. यूएई हे नाव तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हतं. सात शेख, किनाऱ्यावर इंग्रजांचा तळ आणि आत वाळू. ऑफिसर गोरे, शिपाई अरब. गाडी, वायरलेस आणि हत्यारं यांना हात लावणारे आम्ही, कोकणातले, मलबारातले, कराचीचे. मी दापोलीकडचा. शाळा चौथीपर्यंत. भारतीय फौजेत आठ वर्षं हत्यारं दुरुस्त केली, डिस्चार्ज घेतला आणि लाँचमधून दुबईच्या खाडीवर उतरलो. पुढे जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं.

आता माझं दुकान आहे. तिथे शेठ लोक येतात. "इब्राहिमभाई, लायसन मिळालंय, कुठलं पिस्तूल घेऊ?" कुणाला चांदीची मूठ हवी असते, कुणाला सिनेमात पाहिलेलं. पोट सुटलेला माणूस कमरेला पट्टा लावून आरशासमोर उभा राहतो आणि स्वतःवर खूश होतो. मी त्याला खुर्चीत बसवतो आणि म्हणतो, "आता काढा." तो घाम पुसत बसतो. निम्मे त्यानंतर येतच नाहीत. बरं होतं.

पण हे शेठ निदान अडाणी आहेत. आमच्या कॅप्टनला या कामाचा पगार होता.

कॅप्टन नवा आला होता. त्याच्या शॉर्ट्सची इस्त्री दुपारीही मोडत नसे, म्हणून मेसमध्ये त्याला इस्त्रीसाहेब म्हणत. वाळू म्हणजे त्याच्या लेखी बुटाला लागणारी घाण. मला तो मिस्त्री म्हणायचा. माझं नाव त्याने दोन वर्षांत एकदाही घेतलं नाही.

त्याने पहिल्या आठवड्यात दोन हुकूम काढले. पहिला, दोन-तीन महिन्यांत ड्रायव्हरांची जुनी रिव्हॉल्व्हरं जमा करून सगळ्यांना नवी ९ एमएम पिस्तुलं द्यायची. दुसरा, हत्यार उजव्या कमरेला, होल्स्टरचं झाकण बंद, पितळी बटण लावलेलं. होल्स्टर जाड कॅनव्हासचं. परेडला नीट दिसावं म्हणून त्याला रंगाची पेस्ट चोळायची. वाळली की कॅनव्हासचं लाकूड व्हायचं. ते बटण उघडायला मला दोन हात लागत.

आमच्या गाड्या लँडरोव्हर, स्टिअरिंग उजवीकडे. म्हणजे ड्रायव्हरची उजवी कंबर आणि दार यांच्यात चार बोटांचीही जागा नाही. होल्स्टर तिथे चेपून बसायचं. हत्यार काढायचं तर आधी ढुंगण सीटवरून उचलायला हवं.

हे मला दाऊदने दाखवलं. दाऊद मुरूडचा, ड्रायव्हर, वय सव्वीस. एक दिवस होल्स्टर काढून त्याने माझ्या टेबलावर आपटलं.

"भाय, हे काय आहे? रिव्हॉल्व्हर आहे का मूळव्याध?"

"कुठे टोचतं?"

"विचारा कुठे नाही. आणि वर कधी लागलंच तर? दार उघडून, खाली उतरून, सलाम करून काढू?"

मी त्याच्यासाठी दुबईच्या बाजारातल्या एका बलुची मोच्याकडून चामड्याचं उघडं होल्स्टर शिवून घेतलं. पोटाच्या डाव्या बाजूला, मूठ उजवीकडे कललेली. बसल्या बसल्या उजवा हात पोटावरून गेला की रिव्हॉल्व्हर हातात. पडू नये म्हणून वर एक चामड्याचा फास, अंगठ्याने उडणारा. मोच्याने आधी अव्वाच्या सव्वा किंमत सांगितली. मी दोनदा दुकानातून उठून गेलो, तिसऱ्यांदा त्यानेच हाक मारली. महिनाभरात सहा ड्रायव्हर तशी होल्स्टरं लावून फिरू लागले.

इस्त्रीसाहेबाने परेडवर ती पाहिली.

"मिस्त्री, ही सर्कस कोणाची?"

"माझी, सर."

"उतरव."

"सर, गाडीत बसून बघा एकदा."

"परेड गाडीत बसून होत नाही."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. त्या माणसाची सगळी अक्कल त्यात आहे. हत्यार उभ्याने निवडायचं, उभ्याने तपासायचं, रेंजवर उभ्याने चालवायचं. ड्रायव्हर दिवसाचे दहा तास बसलेला असतो, ही गोष्ट लिहायला एकाही फॉर्मवर रकाना नव्हता.

मी भडकलो, पण भडकून सौदा होत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, नवं पिस्तूल आणि जुनं रिव्हॉल्व्हर, दोन्ही दोन दिवस गाडीत फिरवू, न पुसता. मग रेंजवर बघू. तो तयार झाला. त्याला नव्या वस्तूवर विश्वास होता. शिवाय त्याने स्वतःचं पिस्तूल तेलात न्हाऊन काढलं होतं. तेलावर वाळू बसली की तिचं कालवण होतं. त्याचं पिस्तूल तिसऱ्या गोळीला अडकलं. निघण्याआधीच तेल पुसून कोरड्या केलेल्या रिव्हॉल्व्हरने मी सहाच्या सहा मारल्या. रेंजवरचे अरब शिपाई हसले. त्याचे कान लाल झाले.

लाल कानांचा माणूस काहीतरी परत मागतो, हे मला ठाऊक होतं. मीच पुढे केलं.

"सर, ड्रायव्हरांकडे रिव्हॉल्व्हर राहू द्या. होल्स्टर तुमच्या हुकमाप्रमाणे."

"डन, मिस्त्री."

मी जिंकल्यासारखा बाहेर आलो. सहाही होल्स्टरं मीच गोळा केली. दाऊदने आपलं देताना फास दोनदा अंगठ्याने उडवून पाहिला.

"भाय, सौदा चांगला केलात. पण गाडीत बसणार मी."

"हत्यार चालणारं आहे ना? ते महत्त्वाचं."

"इन्शाल्ला," तो म्हणाला. त्याचा सूर मला आवडला नाही. मी त्याला झापलं.

तीन आठवड्यांनी आतल्या चौकीवर वायरलेसच्या बॅटऱ्या आणि टपाल न्यायचं होतं. ०६०० ला दोन लँडरोव्हर निघाल्या. पहिली दाऊद चालवत होता, सोबत वायरलेसवाला सालिम आणि दोन रायफलवाले. दुसरीत मी, चौकीची हत्यारं तपासायला. ०९४० ला वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात, एक लॉरी आडवी उभी दिसली. बॉनेट उघडं. तीन माणसं. खजुराच्या गोण्या.

रायफलवाले लॉरी तपासायला उतरले. दाऊद इंजिन चालू ठेवून बसून राहिला, तशीच ऑर्डर होती. तिघांतला एक म्हातारा अंगरखा सावरत त्याच्या दाराशी आला आणि त्याने पाणी मागितलं. वाळवंटात पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. दाऊदने आपलं पाण्याचं कॅन्टीन बाहेर दिलं. म्हातारा शांतपणे प्यायला, कॅन्टीन परत दिलं आणि अंगरख्याखालून आखूड रायफल काढली.

मी साधारण चाळीस यार्ड मागे होतो. मला दाऊदची पाठ आणि उजवा खांदा दिसत होता. खांदा वर झाला. पुन्हा वर झाला. तो सीटवरून कंबर उचलत होता.

एक गोळी वाजली. मग बऱ्याच. आमच्या शिपायांनी म्हाताऱ्याला तिथेच पाडलं, बाकीचे दोघे खडकांत पळाले. गोण्यांखाली रायफली निघाल्या.

सालिमने सेट घेतला. "बेस, धिस इज टू वन. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

इस्त्रीसाहेबाचा आवाज आला. "टू वन, इज कन्साइनमेंट सेफ? ओव्हर."

सालिमने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दे सांगून, सेफ आहे."

दाऊदच्या कमरेचा पट्टा मी सोडला. दार उघडल्याशिवाय हात तिथे पोचत नव्हता. त्याची उजवी बोटं झाकणावरच होती. अंगठ्याचं नख अर्धं उखडलेलं, बटणाभोवतीचा रंग खरवडलेला. बटण लागलेलंच होतं. आत रिव्हॉल्व्हर स्वच्छ, कोरडं, सहा गोळ्या भरलेल्या. मी निवडलेलं. उत्तम हत्यार होतं.

चौकशीचा कागद कॅप्टनने लिहिला. त्यात वाक्य होतं, 'ड्रायव्हरने हत्याराचा वापर केला नाही.' माझी सही हवी होती.

मी म्हटलं, "खाली लिहा, बटण कोणाच्या हुकमाने लागलं होतं."

"रिपोर्टमध्ये मतं नसतात, मिस्त्री."

"मत नाही. नख आहे. दाखवू?"

"तू स्वतःच ती होल्स्टरं जमा केलीस. बरोबर?"

बरोबर होतं. एवढंच त्याला नीट आठवत होतं. तरी मी सही केली नाही. टेबलावर हात आपटला, जे बोललो ते इथे छापता येणार नाही. त्याला पुढे बढती मिळाली. माझं काँट्रॅक्ट संपलं तेव्हा नवं मिळालं नाही. लढाईत हरलेल्या माणसाबद्दल मला कणव वाटते. बसून न बघता हुकूम देणाऱ्याबद्दल अजूनही थुंकावंसं वाटतं. आणि अर्धाच सौदा करून खूश होऊन बाहेर पडणाऱ्या आर्मररबद्दलही.

दाऊदला शारजात दफन केलं. मी मुरूडला गेलो ते पाच महिन्यांनी. त्याची आई ओटीवर मासळी निवडत होती. ऑफिसचं पत्र तिला मास्तरांनी वाचून दाखवलं होतं. तिने मला चहा दिला, तो पिऊन होईपर्यंत थांबली आणि मग विचारलं,

"माझा पोरगा भ्याला होता का?"

मी तिला सगळं सांगितलं. दार, बटण, नख, खांदा दोनदा वर झाला ते. माझा सौदाही सांगितला. ती मला बोल लावेल म्हणून मी तयार होतो.

तिने एवढंच विचारलं, "पाणी प्यायला होता ना तो म्हातारा? पोटभर?"

"हो, अम्मा. त्याचं पिऊन होईपर्यंत दाऊदने कॅन्टीन त्याच्या हातात राहू दिलं."

"मग पोरगा माझाच," ती म्हणाली आणि पुन्हा मासळी निवडू लागली.