काडेपेटीतला कारखाना

गायधनीबाई कुठेही बोलायला बसल्या की आधी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता बोला." आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी कॅन्टीनमध्ये सतरंज्या घालायला लावल्या आणि झाडून सगळ्यांना, मॅनेजर देसाई साहेबांनासुद्धा, बूट आणि घड्याळ काढून खाली बसवलं. साहेबांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि दिवसाची सुरुवातच हसण्यानं झाली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंबडच्या आमच्या कारखान्यात विजेची पॅनेलं बनायची आणि मी स्टोअर्सला होते. माल वेळेवर जात नव्हता, गिऱ्हाइकं तुटत होती, आणि दोष कुणाचा यावरून रोज तोंडाला तोंड लागत होतं. बाईंची पंचवटीत बालवाडी होती. भांडणाऱ्या पोरांना मिळून काहीतरी बनवायला दिलं की भांडण आपोआप सुटतं, हे त्यांनी पाहिलं होतं आणि मोठ्यांचंही तसंच असणार असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. साहेबांची मुलगी त्यांच्याकडे शिकलेली, तेवढ्या ओळखीवर त्या आल्या. "मोठ्या माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तर बनवतो," त्या म्हणायच्या. "त्यापेक्षा त्याचे हात गुंतवा. मग बघा कसा खरं बोलतो."

खेळ सुरू व्हायच्या आधी त्यांनी नियम सांगितला. "इथं बोललेलं सगळं खेळातलं. बाहेर गेल्यावर कुणी ते धरायचं नाही. आणि साहेब, तुम्ही आज कच्चा लिंबू. सगळ्यांबरोबर खेळायचं, पण तुमचं काही धरलं जाणार नाही." साहेबांनी मान डोलावली. आम्हाला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग बाईंनी पिशवीतून रिकाम्या काडेपेट्या काढल्या. काडेपेटी म्हणजे आमचं पॅनेल. मी पेटी उघडून पुढे द्यायची, पुढच्यानं आत चिंचोका ठेवायचा, त्याच्या पुढच्यानं मणी, मग तपासणी, आणि शेवटी दोरा बांधून पेटी रवाना. तपासणीला शिरसाठ बसले होते. खऱ्या कारखान्यातही तपासणी आणि दुरुस्तीचा विभाग त्यांचाच. निफाडकडचा गडी, रोज एसटीनं यायचा, आवाज खणखणीत आणि हसू त्याहून मोठं. ते प्रत्येक पेटी उघडून बघत, चुकलेली मागे पाठवत, आणि बघता बघता त्यांच्यापुढे काडेपेट्यांचा ढीग लागला. पुढचे हातावर हात धरून बसलेले, मागचे ओरडताहेत.

शिरसाठांना खेळ भलताच चढला होता. ते एकदम म्हणाले, "बाई, पेट्या माझ्याकडं यायच्याच कशाला? ज्यानं त्यानं आपली आपण बघून पुढं सोडली तं? मी उठतो, बघा मजा!" आणि खरंच हसत उठून भिंतीला टेकून उभे राहिले. पेट्या सरासरा पुढे निघाल्या. मघाचा ढीग हां हां म्हणता संपला. आम्ही टाळ्या वाजवल्या, बाईंनी त्यांना बक्षीस म्हणून राजगिऱ्याचा लाडू दिला, आणि त्यांनी तो तुकडे करून सगळ्यांना वाटला.

काही महिन्यांनी शिरसाठांचा विभाग बंद झाला. त्यांना आणि त्यांच्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली इच्छा कुणाची होती ते विचारू नका. साहेबांनी एवढंच सांगितलं, "कल्पना तुमचीच होती, शिरसाठ. अभिमान वाटायला हवा." खेळात कच्चा लिंबू साहेब होते, आणि धरलं गेलं ते शिरसाठांचं.

शिरसाठ बालवाडीत गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. लहान मुलांच्या बुटक्या बाकावर अवघडून बसले आणि म्हणाले, "बाई, मी ते खेळात म्हनलो व्हतो. खेळातलं कुठं खरं धरतात का?"

दुसऱ्या दिवशी बाई तडक साहेबांकडे गेल्या. केबिनचं दार उघडंच होतं. "नियम ठरला होता आपला," त्या म्हणत होत्या. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, माल वेळेवर जायला लागलाय. हे तुमचंच यश आहे. आता नियमासाठी कारखाना बुडवू?" त्यांचंही सगळं खोटं नव्हतं, हीच तर बोंब होती. शेजारचे कारखाने बंद पडत होते, आमचा तरला, आणि माझी नोकरीही त्याच काडेपेट्यांवर टिकली. पण बाई केबिनमधून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्या मला ओळख न देता फाटकाबाहेर निघून गेल्या.

बातमी पसरली तसे सिन्नरपासूनचे कारखानदार त्यांना बोलवायला येऊ लागले. त्यांनी एकालाही होकार दिला नाही. "मला माणसं उठवता येतात, बसवता येत नाहीत," एवढंच म्हणायच्या. पुढे बालवाडीत त्यांनी संगीत खुर्ची बंद केली. कुणी मूल बाद झालेलं त्यांना सहन होईना. मी चहाला गेले की बघायचे, गॅस पेटवण्याआधी त्या काडेपेटी कानाशी नेऊन हलवायच्या, मग उघडून आत नीट बघायच्या. कधी बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे भिंतीकडे जायची आणि तिथेच थांबायची. मी वळून बघायचे. तिथे कुणी नसायचं.

एकदा जुन्या बसस्टँडवर मला शिरसाठ भेटले. द्राक्षांच्या पॅकिंग शेडवर कामाला लागले होते, केस पांढरे झाले होते. "बाईंना सांगा," ते म्हणाले, "माझं लय झ्याक चाललंय. त्यांनी जीवाला लावून घेऊ नाय." मी त्याच संध्याकाळी धावत पंचवटीत गेले आणि शब्दन् शब्द सांगितला. मला वाटलं, आता सुटल्या बाई.

त्यांनी विचारलं, "हसत म्हणाले का?"

"हो, अगदी हसत."

"तेव्हाही हसतच उठले होते गं," त्या म्हणाल्या, आणि भांडी आवरायला आत गेल्या.

बाई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांना भ्रम व्हायचा. भिंतीकडे हात करून त्या परत परत म्हणायच्या, "अहो, बसा ना. उभे का?" त्यांची भाची मला विचारायची, "मावशी कुणाला बसवतेय?" तिला काय सांगणार, कपाळ! मी स्टूल ओढून भिंतीपाशी ठेवायचे. मग त्या जरा निजायच्या.

परवा कंपनीनं आम्हाला महामार्गावरच्या हॉटेलात कार्यशाळेला नेलं. मुंबईहून आलेला ट्रेनर, कॉलरला माइक, टेबलावर प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे. ठोकळ्यांचा कारखाना बांधा आणि खर्च कुठे वाचेल ते शोधा, असा खेळ. माझ्या शेजारी डिस्पॅचला नवीन लागलेली कविता होती. तिनं भराभर ठोकळे हलवले आणि तिचे डोळे चमकले. "सर, मला सुचलं! आमचं डिस्पॅचच जर…"

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"बोला, बोला," ट्रेनर जवळ आला.

"काही नाही हो," मी म्हणाले, "पायाला मुंग्या आल्यात तिच्या."

कविता दिवसभर माझ्याशी बोलली नाही. अजूनही धड बोलत नाही. पण रोज सकाळी आत शिरताना ती मला डिस्पॅचच्या खिडकीत बसलेली दिसते.