निळ्या घागऱ्याचा फॉल

इथे आखातात, करामा भागातल्या आमच्या घरात खिडकीखाली माझी मशीन आहे. साड्यांना फॉल लावणं, पिको करणं, ब्लाउज ढिले-घट्ट करणं, एवढंच माझं काम. गिऱ्हाईक बेल वाजवतं, पिशवी देतं, मी मान हलवते. फार बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला आवडतं.

माझी मुलगी इथल्याच एका थिएटरच्या ऑफिसात नोकरीला आहे. एका शुक्रवारी ती मोठी पिशवी घेऊन घरी आली. अमेरिकेहून आफ्रिकन-अमेरिकन लोकांची एक नावाजलेली नाचाची कंपनी आली होती. शनिवारी दुपारी त्यांचा खेळ होता, आणि एकटीच नाचणाऱ्या त्यांच्या मुख्य बाईच्या निळ्या घागऱ्याची खालची शिवण सरावात उसवली होती.

"आई, फक्त कड दुमडून शिव. बाकी नथिंग."

सोफ्यावरून आमचे यजमान म्हणाले, "चौथी पास बाई आता अमेरिकेचे कपडे शिवणार!"

"मग तुमच्या शर्टाची बटणं पदवीधराकडून लावून घ्या," मी म्हटलं. घरात मला बोलता येतं.

घागरा पसरला तर सगळी खोली निळी झाली. कापड हलकं होतं, कड विरलेली. नुसती दुमडली असती तर पुन्हा उसवली असती. कड कमजोर दिसली की फॉल लावायचा, ही माझ्या हाताची सवय. डब्यात निळे तीन फॉल निघाले, एक छटा फिके. मागाहून आकसू नयेत म्हणून पाण्यातून काढले, इस्त्री केली, आणि घेराला वळण होतं म्हणून वरच्या बाजूला बारीक चुण्या घेत हाताने लावले. पुढून एक टाका दिसत नव्हता. कुणाला विचारावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शनिवारी सकाळी मुलीबरोबर मीही गेले. कपड्यांचं बघणाऱ्या त्यांच्या बाई उंच होत्या, केस पांढरे, गळ्यात मोजपट्टी. मोजपट्टी पाहून मला जरा धीर आला. त्यांनी घागरा उचलला, हातावर तोलला, आणि त्यांचा चेहरा बदलला. कड उलटून त्या माझ्या मुलीशी भराभर काहीतरी बोलल्या.

"आई, व्हॉट डिड यू डू? हे जड झालंय. नाचताना उडणार नाही म्हणतायत."

"फॉल लावला."

"साडीचा फॉल? नाचाच्या स्कर्टला?"

माझे कान गरम झाले. उसवायचा म्हटलं तरी दोन तास जाणार, आणि खाली पुन्हा तीच विरलेली कड. मी पिशवीतली कात्री काढली.

तेवढ्यात नाचणारी बाई स्वतःच आली. अनवाणी, माझ्या मुलीहून थोडी मोठी. काय चाललंय ते तिने ऐकलं आणि घागरा चढवून तिथेच गिरकी घेतली. घेर अर्धवट उठला आणि तिच्या पायांत गुंडाळला. तिने पुन्हा गिरकी घेतली. पुन्हा तेच.

मला दिसत होतं काय चुकतंय. ती झटक्याने सुरू करत होती. कडेला वजन असलं की झटका चालत नाही. अंग मागे सोडायचं, मग घेर आपला आपण मागोमाग येतो. परकर घालून फुगडी खेळलेल्या कुठल्याही मुलीला हे ठाऊक असतं. पण ते इंग्रजीत कसं सांगणार? मराठीतसुद्धा मला चार माणसांत सांगता आलं नसतं.

मी कात्री खाली ठेवली. पदर खोचला आणि हातांची अढी करून तिच्यापुढे धरली.

ती हसली. तिनेही हात अढी घालून दिले. मी पाय जुळवले, टाचा टेकवल्या आणि मागे झुकले. ती बघून बघून तसंच करत गेली. आणि आम्ही फिरलो! मंगळागौरीला मी कायम फराळाच्या ताटांपाशी बसते, लग्नानंतर एकदाही फुगडी घातलेली नाही. पण पायांना सगळं आठवत होतं. तोंडातून आपोआप "फू" निघालं, तीही "फू" म्हणाली, आणि निळा घेर ताटासारखा सपाट उघडला.

थांबलो तेव्हा मोजपट्टीवाल्या बाई टाळ्या वाजवत होत्या. नाचणारीने एकटीने तीन वेळा करून पाहिलं. मग माझी कात्री उचलून तिने माझ्या पिशवीत टाकली.

"तसाच घालणार म्हणतेय," मुलगी म्हणाली. "आणि आई, तू हे कधी शिकलीस?"

दुपारी तिसऱ्या रांगेत बसले. घागरा पायांत आला आणि ती पडली तर? ती वाकून, म्हातारीसारखी पावलं टाकत आली. पावलांचा आवाज, श्वाससुद्धा ऐकू येत होता. हळूहळू ती ताठ होत गेली, तरुण होत गेली, आणि सगळ्यात शेवटी लहान मुलगी होऊन फिरायला लागली. अंग मागे सोडून. घेर उठला, उघडला आणि उघडाच राहिला. माझ्याशेजारच्या अनोळखी बाई मोठ्याने "या अल्ला" म्हणाल्या. मी नाचणारीचा चेहरा पाहिलाच नाही, नुसती कड बघत होते.

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मुलीने मला कोपर मारलं. "आई, वर बघ. शी इज लुकिंग फॉर यू."

मी वर पाहिलं. तिने आमच्या रांगेकडे पाहून मान वाकवली, दोन बोटांत घागऱ्याची कड धरली आणि सगळ्यांसमोर उलटून दाखवली. एक छटा फिका माझा फॉल, दिव्यांच्या उजेडात.

मला रडू यायला हवं होतं. पण आधी मनात आलं, बरं झालं, दोऱ्याच्या गाठी आत लपवल्या होत्या.