आत्यांची त्र्याऐंशी पायऱ्यांची काशी

उन्हाला दम देऊन घरी पाठवणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली आहे. ती मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावर एकटी राहते आणि माझ्या बायकोची आत्या आहे. माझं आयुष्य दुकानदारांचे काटे आणि मापं तपासण्यात गेलं, त्यामुळे वाढवून बोलायची मला सवय नाही. तरीही सांगतो, मे महिन्याच्या भर दुपारी आत्या गच्चीवर कुरडया उलटवायला गेल्या की सूर्यच टाकीच्या आडोशाला सरकतो. वय चौऱ्याहत्तर, उंची पाच फूट एक इंच, आणि आवाज घाटकोपरच्या एका शाळेच्या मैदानात तेहतीस वर्षं वापरून रुंद झालेला. आत्या तिथे पी.टी.च्या बाई होत्या. शाळा सुटली, पण शिट्टी सुटली नाही. ती अजून काळ्या गोफात गळ्यात असते. रस्ता ओलांडताना त्या उजवा तळवा वर करतात आणि टेम्पो थांबतो. न थांबला तर शिट्टी वाजते. मग टेम्पोच काय, मागच्या तीन रिक्षा आणि फुटपाथवरचा केळीवालाही सावधानमध्ये उभा राहतो.

त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे कुणाचा हात धरायचा नाही आणि कुणाला सोबत न्यायचं नाही. लग्न केलं नाही त्याचंही कारण त्या हेच देतात, की सप्तपदीत हात धरावा लागतो. एका कार्यालयाच्या जिन्यात माझ्या मेहुण्याने, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भाच्याने, प्रेमाने त्यांचं कोपर धरलं, तर चारचौघांत म्हणाल्या, "ते माझं आहे, ठेव." मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रिक्षाने एकट्या गेल्या आणि एका डोळ्याला पट्टी बांधून एकट्याच परत आल्या. आम्हाला कळलं चार दिवसांनी, तेही त्यांच्या दूधवाल्याकडून. बायको रडायला लागली तेव्हा तिला म्हणाल्या, "अगं, एक डोळा उघडा होता ना? रस्ता काय दोन डोळ्यांना दोन दिसतो?"

अशा या आत्यांनी एका रविवारी बोरिवलीला मेहुण्याच्या घरी, पुरणपोळीवर तूप ओतून घेताना जाहीर केलं की त्या काशीला जाणार, आणि मे महिन्यात जाणार. मेहुण्याच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. निवृत्तीनंतर काशी करायची हे त्यांचं जुनं ठरलेलं होतं, पण निवृत्तीच्याच वर्षी त्यांची आई अंथरुणाला खिळली आणि नऊ वर्षं खिळून राहिली. आई गेली तेव्हा आत्यांचे गुडघे गेलेले होते. सगळ्यांनी समजावलं की काशीला जायचं ते थंडीत. पण आत्यांच्या गुडघ्यांचा हिशेब उलटा आहे. डिसेंबरात मुलुंडचा पारा अठराच्या खाली गेला की त्यांना खुर्चीतून उठायला दोन प्रयत्न लागतात. छत्तीसच्या वर गेला की त्याच आत्या भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढतात. हे मी स्वतः दोन वर्षं नोंदवून पाहिलेलं आहे, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं. मेहुणा मात्र बसला नाही. म्हणाला, तिकडे व्हीलचेअर मिळते, डोली उचलणारी माणसं मिळतात, थंडीत जा आणि त्यात बसून दर्शन घे. आत्यांनी पोळी संपवली, हात धुतले आणि सांगितलं, "खुर्चीतून जायचं तर देव टीव्हीवरही दिसतो. मला गंगेत माझ्या पायांनी उतरायचंय. यंदा पाय आहेत. पुढच्या वर्षीचं तू लिहून देतोस का?" मेहुण्याने लिहून दिलं नाही.

तीर्थयात्रा म्हणजे हाल, हे मत त्यांना मुळीच मान्य नाही. हाल करून घेतल्याने देव प्रसन्न होत असता तर त्यांच्या दहावी-ब च्या वर्गाला केव्हाच मोक्ष मिळाला असता, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आखलेली काशी मी पाहिली आणि वजनमापाच्या माणसाचंही मन भरून आलं. पहाटे पावणेपाचला बाहेर, साडेसातला आत. मग साडेदहा तास खोलीत. त्यात झोप, पत्ते, ताक, परत झोप. संध्याकाळी सहाला पुन्हा बाहेर. मी त्यांना तिथलं तापमान चव्वेचाळीस असतं म्हणून बजावलं, तर म्हणाल्या, "ते दुपारी दोनला. दुपारी दोनला मी काशीत नाहीच मुळी, खोलीत आहे." सामानात कैरीच्या पन्ह्याचा अर्क दोन बाटल्या, दोन ओले करायचे पंचे, आतून पांढरं मांजरपाट शिवलेली छत्री आणि अलिबागचे पांढरे कांदे अकरा. उतरायची जागा त्यांनी खोलीवरून किंवा जेवणावरून निवडली नाही, पायऱ्यांवरून निवडली. मार्चमध्ये घाटावरच्या चार धर्मशाळांना फोन लावले आणि प्रत्येक मॅनेजरला हुकूम सोडला, "भाईसाब, दरवाजे से पानी तक पायरी गिनके बोलो. अंदाजा नहीं चलेगा." तिघांनी फोन ठेवून दिला. चौथा भला माणूस निघाला. खरोखर मोबाईल कानाला लावून पायऱ्या उतरला आणि मोठ्याने मोजत गेला. स्पीकरवर मीही मोजत होतो. चौसष्ट. आत्यांच्या इमारतीला मजल्याला अठरा, चार मजल्यांच्या बहात्तर. त्या दिवसापासून त्या लिफ्ट सोडून रोज पहाटे बहात्तर उतरू आणि बहात्तर चढू लागल्या. एप्रिलअखेर त्यांना ते न थांबता जमलं. बहात्तर हा आकडा त्यांच्या गुडघ्यांनी सही करून दिलेला होता. घाटाच्या चौसष्टवर आठ पायऱ्यांची शिल्लक. मीच तपासून पक्कं केलं होतं.

घरच्यांनी एकच अट घातली, की कुणीतरी सोबत जायचं. यावर तीन आठवडे तहाची बोलणी चालली आणि शेवटी आत्यांनी मला पसंत केलं, कारण मी कमी बोलतो. त्यांच्याही अटी होत्या. मी दहा पायऱ्या मागून चालायचं, हात पुढे करायचा नाही, आणि तीन शिट्ट्या वाजल्या तरच जवळ यायचं. निघायच्या दिवशी बायकोने आत्यांना विचारलं, काशीला जाऊन आवडती गोष्ट सोडतात, तू काय सोडणार? आमच्या घरात या बाबतीत फसवाफसवीची परंपरा आहे. सासऱ्यांनी कारलं सोडलं होतं आणि सासूबाईंनी दुधी. आत्यांना असल्या पळवाटांचा राग येतो. सोडायचं तर जिवापाड आवडणारंच, असं त्यांचं मत. त्यामुळे मे महिन्याच्या हापूसची सगळ्यांना काळजी वाटत होती. आत्या म्हणाल्या, "तुम्हा लोकांचं ऐकणं सोडणार होते, पण ते मुळात धरलंच नव्हतं."

काशीतल्या पहिल्या पहाटे आम्ही पावणेपाचला बाहेर पडलो. आत्या पुढे, मी दहा पायऱ्या मागे. चौसष्ट मोजून त्या थांबल्या, आणि मीही थांबलो. पाणी आणखी बरंच खाली होतं. मार्चपासून मेपर्यंत गंगा उतरते आणि पाण्याखालच्या पायऱ्या उघड्या पडतात, ही गोष्ट त्या भल्या मॅनेजरला सांगावीशी वाटली नव्हती आणि मला विचारावीशी वाटली नव्हती. उभ्या आयुष्यात मी ज्या चुकीबद्दल दुकानदारांना फैलावर घेतलं ती हीच, की माप कोणत्या तारखेचं आहे ते आधी बघा. मी हात पुढे केला नाही, पण मला वाटतं तो माझ्या चेहऱ्यावर आला असावा. आत्या वळल्या, माझ्याजवळून वर जाताना म्हणाल्या, "मापात पाप, जावईबुवा," आणि चौसष्ट पायऱ्या चढून खोलीत गेल्या. मग पत्ते मांडले. एकदाच विचारलं, की खाली किती उरल्या होत्या. मला सांगता आलं नाही.

ते न सांगता येणं मला सहन झालं नाही. त्या झोपल्यावर, दुपारी पावणेबाराला, मी उरलेल्या पायऱ्या मोजायला गेलो. एकोणीस होत्या. खात्रीसाठी वरून पुन्हा मोजल्या. एकूण त्र्याऐंशी. हा आकडा घेऊन मी धर्मशाळेच्या दारापर्यंत आलो एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते असं, की मी खाटेवर आडवा, अंगावर ओला पंचा, तळपायांना कांदा चोळला जातोय आणि वरून मैदानावरचा आवाज येतोय, "जीभ दाखवा. पाणी गटागट नको, घोट घोट." अकरापैकी सात कांदे माझ्यावर खर्च झाले. सोबत म्हणून आलेला माणूस ज्यांच्या सोबतीला आला त्याच बाईंच्या हवाली झाला. संध्याकाळी मला बोलता आलं तेव्हा मी त्र्याऐंशी म्हणालो. त्यांनी पंचा पुन्हा भिजवून माझ्या अंगावर टाकला. मग म्हणाल्या, "म्हणजे अकरा जास्त." मी म्हणालो, आत्या, उद्या नको, मी उभा राहू शकत नाही, परवा जाऊ. त्यांनी माझी नाडी पाहिली आणि सांगितलं, "परवाच्या गाडीचं आरक्षण आहे. तुम्ही झोपा."

पहाटे जाग आली तेव्हा त्यांची खाट रिकामी होती. सहा वाजून गेले होते. मी उठायला गेलो, खोली फिरली, परत पडलो. कान लावून बसलो, पण शिट्टी आली नाही. सात वाजून वीस मिनिटांनी आत्या दारात उभ्या, केस ओले, हातात गंगेचा गडू. कशा आहात विचारलं तर म्हणाल्या, पाणी छान गार आहे, आणि पन्हं करायला घेतलं.

परतीच्या दिवशी चावी देताना मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "माताजी बहुत जिद्दी हैं साहब. कल ऊपर से ग्यारहवीं सीढ़ी पर आधा घंटा बैठी रहीं. हम बोले, सीटी है तो बजाइए. बोलीं, जिसके लिए बजानी है वो बीमार पड़ा है." शेवटी तो स्वतः खाली गेला होता. त्याच्या हाताला धरून त्या अकरा पायऱ्या वर आल्या होत्या. म्हणजे त्र्याऐंशी उतरल्या, गंगेत बुडी मारली, कबूल केलेल्या बहात्तर चढल्या, आणि तिथे त्यांचा आकडा संपला. गाडीत मी हे बोललो नाही.

घरी आल्यावर आत्यांनी काय सोडलं याचा शोध सुरू झाला. बायकोने एकेक पदार्थ डब्यात घालून पाठवायला सुरुवात केली. हापूस संपला. भरली वांगी संपली, सुरमई संपली. चहा तर दिवसातून चार वेळा चालूच होता. मेहुणा फोनवर म्हणाला, काही सोडलेलं नाही, नुसतीच ऐटीत जाऊन आली. आत्या त्याला म्हणाल्या, "माझं आणि विश्वेश्वराचं ठरलंय. तू मध्ये कोण?"

जुलैत एका संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. बँकेत पेन्शनच्या खात्याचं काहीतरी द्यायचं आहे, शनिवारी या. मी गेलो. पंधरा दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मग चष्म्याच्या दुकानात. दिवाळीपर्यंत सात वेळा झालं. मी नोंद ठेवत होतो, पण नोंद ठेवणं आणि समजणं यांत अंतर असतं. सातव्या वेळी आम्ही स्टेशनकडच्या रस्त्याने चाललो होतो आणि मी जुन्या अटीप्रमाणे दहा पावलं मागे होतो. आत्या थांबल्या. वळल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. मी जवळ गेलो तेव्हा समोर बघतच म्हणाल्या, "मागे काय राहताय? एकटीने जायचं, ते काशीला सोडून आले ना मी."

मी हात पुढे केला. त्यांनी तो मनगटाजवळ धरला, आणि चौऱ्याहत्तर वर्षांत घरच्या कुणाला न दिलेला तो हात इतका हलका होता की माझ्या कुठल्याही काट्यावर त्याची नोंद झाली नसती. चार पावलं गेल्यावर त्यांची पकड घट्ट झाली. समोरून त्यांच्या इमारतीतल्या दोन बायका येत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं तशी आत्यांनी मान वर केली आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमच्या जावयांना ऊन बाधतं. धरून न्यावं लागतं."

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, ऊन कुठेच नव्हतं. मी जरा लटपटत चाललो.